मागाच्या खोलीतला राउटर

मित्रांनो, तुमच्या घरात टीव्हीच्या वर किंवा दाराच्या कोपऱ्यात दोन कान उभे करून बसलेली एक काळी डबी असेल. तिचे दिवे हिरवे असले की तिच्याकडे कोणी बघत नाही. दिवा लाल झाला की सगळे घर तिच्यावर चिडते. त्यातलाच मी एक, आता जुना झालेला वायफाय राउटर. माझा एक कान मोडला होता, तो चिकटपट्टीने बांधलेला आहे. माझी गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, कारण तिच्यात माझ्यापेक्षा माणसेच जास्त आहेत.

एका मोठ्या कारखान्यात, सारख्या दिसणाऱ्या भावंडांच्या रांगेत मी तयार झालो. माझ्या पोटाखाली एक चिठ्ठी चिकटवली गेली. तिच्यावर माझे नाव आणि माझा परवलीचा शब्द छापलेला होता, ज्याला तुम्ही पासवर्ड म्हणता. तेथेच मला माझे काम शिकवले. कोणी दाराशी आला की शब्द विचारायचा. शब्द बरोबर असेल तर आत घ्यायचे, चुकला तर परत पाठवायचे. येणाऱ्याचे तोंड बघायचे नाही. म्हणून मी जन्मापासूनच संशयी आहे. तसा स्वभाव नसता तर माझा काही उपयोगच नव्हता.

लॉकडाऊनच्या वर्षी मी अड्याळ नावाच्या गावात आलो. बाजारओळीच्या मागे भूषण आणि कीर्ती यांचे घर होते. भूषणच्या घरात पिढ्यांपासून हातमाग. कोसा नावाच्या रेशमाच्या साड्या ते विणून घेत आणि विकत. बाजार बंद, प्रदर्शने बंद, गिऱ्हाईक येणार कोठून? तेव्हा कीर्तीने ठरवले की साड्या फोनवरून दाखवायच्या. मला मागाच्या खोलीत, खिडकीशेजारच्या खिळ्यावर टांगले. खाली मागाच्या खड्ड्यात पाय सोडून गोमाजी नावाचे म्हातारे विणकर बसत. ते भूषणच्या वडिलांच्या वेळेपासून त्याच मागावर विणत आले होते.

पहिल्या दिवशी कीर्तीने नाशिकच्या एका बाईंना फोनवर साडी दाखवली. साडीचा पदर तिने उन्हात धरला आणि तो रंग माझ्यातून जसाच्या तसा नाशिकला गेला. त्या बाईंनी साडी तेथेच घेतली. गोमाजींनी माग थांबवला आणि वर माझ्याकडे बघितले.

"सूनबाई, हे डबडं बोलते काय?"

"बोलत नाही काका. आपलं बोलनं तिकडं नेऊन देते."

"मंग बरं हाये," ते म्हणाले. "आपल्या मनचं नाही सांगत."

दसऱ्याला मागाची पूजा झाली तेव्हा कीर्तीने मलाही कुंकवाचे बोट लावले. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

मग घरात कॅमेरा आला. तो बसवणारा कुंदन हा भूषणच्या वर्गातला. अड्याळच्या चौकात त्याचे मोबाइलचे दुकान होते. मला टांगणाराही तोच.

"भाऊ, एवढा महागाचा कोसा पडून राह्यते इथं," तो भूषणला म्हणाला. "तू नागपूरले गेला की इकडं कोन पाह्यते? फोनवर घरबसल्या सगळं दिसन तुले."

कीर्तीला ते आवडले नव्हते. "दिवसभर कोनी तरी मागं उभं हाये असं वाटन," ती म्हणाली. भूषण हसला. कुंदनने खोलीभर फिरून जागा पाहिली आणि कॅमेरा नेमका कीर्तीच्या मेजाच्या वर, भिंतीवर बसवला. त्या मेजाशी बसून ती साडीच्या काठांची चित्रे काढीत असे. तेथून खोली नीट दिसते, असे तो म्हणाला. मग त्याने माझा शब्द विचारला. तो चिठ्ठीवरचाच शब्द होता, भूषणने तो कधी बदललाच नव्हता. कुंदनने कॅमेरा आधी स्वतःच्या फोनवर चालू केला आणि मग भूषणच्या.

"माह्या फोनवरून मंग काढून टाकतो," तो जाता जाता म्हणाला.

त्याने तो काढला नाही.

मित्रांनो, माझ्यातून काय जाते ते मला उघडून वाचता येत नाही. मात्र कोण किती पाठवतो ते मला कळते. कॅमेऱ्याचे असे आहे, की त्याच्यातून कोणी बघत नसेल तेव्हा तो थोडे थोडेच पाठवतो. कोणी बघू लागले की भरभरून पाठवतो. भूषण नागपूरला असला की कॅमेरा मधून मधून असा वाहू लागे, ते बरोबरच होते. पण एके दुपारी भूषण आत जेवत होता. त्याचा फोन माझ्या शेजारी चार्जिंगला लावलेला, पडदा काळा. कीर्तीचा फोन तिच्या मेजावर पालथा. आणि कॅमेरा मात्र भरभरून वाहत होता. कीर्ती मोहाच्या फुलांचा काठ रंगवीत होती. ती उठून आत गेली तेव्हाच कॅमेरा थंडावला.

कोण बघत होते? मी कॅमेऱ्यावर पाळत ठेवली. दुसऱ्या दिवशीही तसेच. कीर्ती मेजाशी बसली की कॅमेरा जागा होई, ती उठली की निजे. गोमाजी दिवसभर विणत असत, त्यांच्यासाठी तो कधी जागा झाला नाही. मी माझे दिवे जोरजोरात लुकलुकवले. पण माझे दिवे तर नेहमीच लुकलुकतात. त्यात वेगळे काय, हे कोणाला कळणार?

मोहाच्या फुलांची साडी अजून मागावर अर्धीच होती. कीर्तीने ती फोनवर एका गिऱ्हाइकाला दाखवली, तर त्या बाई म्हणाल्या, "हा काठ मी पवनीला बाबूलालच्या दुकानात पाहिला की. तिथे तर स्वस्त आहे."

बाबूलाल पवनीचा कापडाचा व्यापारी. तो यंत्रमागावर साड्या भराभर काढून घेत असे. भूषण मोटरसायकल घेऊन पवनीला गेला आणि फोटो घेऊन आला. तीच फुले, तीच पाने, देठाचा बाकसुद्धा तोच. कीर्ती तो फोटो किती वेळ बघत बसली.

पुढे तिने सारसाच्या जोडीचा काठ काढला. तो तिने घराबाहेर कोणालाच दाखवला नाही. तोही बाबूलालच्या दुकानात लागला, आणि यावेळी तर गोमाजींनी पहिला धागा टाकण्याच्या आधी. आता लोक म्हणू लागले की भूषणच्या घरी बाबूलालची नक्कल होते. ज्या घराच्या काठांसाठी लांबून बाया येत, त्या घराला नकल्या म्हणू लागले. भूषणचे जेवण कमी झाले. घरात बोलणे कमी झाले.

घरातली गोष्ट बाहेर जाते, म्हणजे घरातलेच कोणी तरी नेते, असे भूषणने ठरवले. आणि खोलीत बाहेरचा म्हणावा असा माणूस एकच होता.

"काका, मंगळवारी पवनीले कायले गेलते?" त्याने एका सकाळी विचारले.

गोमाजींनी हातातला, आडवा धागा नेणारा धोटा थांबवला. "पोरीकडं गेलो होतो. बरं नाही तिले."

"बाबूलालच्या दुकानासमोर पायलं तुमाले लोकायनं."

"तिचं घर त्याच रस्त्यानं हाये, भूषण. दुसरा रस्ता नाही."

दुसऱ्या दिवसापासून भूषणने गोमाजींना त्यांचा फोन दाराशी काढून ठेवायला सांगितला. गोमाजींनी तो माझ्या खालच्या फळीवर ठेवला. मी त्या फोनकडे नीट पाहिले. बटणांचा साधा फोन, त्याला कॅमेराच नव्हता. माझ्या दाराशी तो कधीच आला नव्हता, कारण वायफाय म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नव्हते. भूषणने तो हातात घेऊन उलटापालटा केला असता तरी त्याला कळले असते. पण संशय आलेल्या माणसाला आपण तपास करतो आहोत असे वाटत असते, आणि तो बघत काहीच नाही.

आठवडाभराने त्याने सांगितले, "काका, काही दिवस येऊ नोका. मी बोलावीन."

गोमाजी खड्ड्यातून वर आले. धोतराला चिकटलेले धागे त्यांनी एक एक करून काढले.

"माह्यावर नाव ठेवलं काय रे?"

"मी तसं नाही म्हटलं."

"नाही म्हटलं," ते म्हणाले. फळीवरचा फोन उचलून ते गेले. कीर्ती दारात उभी होती, तिच्याकडेही त्यांनी बघितले नाही. माग बंद पडला. त्या खोलीत धोट्याचा आवाज नाही, असे मी पहिल्यांदाच ऐकले.

कीर्तीचे मन भूषणच्या सांगण्यावर बसत नव्हते. सारसाचा काठ गोमाजींनाही तिने दाखवला नव्हता, हे तिला पुन्हा पुन्हा आठवे. तरी ती भूषणला उघड विरोध करू शकली नाही, कारण तिच्याजवळ दुसरे नाव नव्हते. तिने नव्या काठाला हात घातला. आता मात्र ती कागदावर हात आडवा धरून चित्र काढी, आणि तिचे तिलाच कळत नव्हते की ती कोणापासून लपवते आहे.

एका दुपारी ती अशीच बसली होती. कॅमेरा वाहू लागला होता. तेवढ्यात त्याच्यातून खरखर आवाज आला. त्या कॅमेऱ्यात ऐकण्याची सोय होती तशी बोलण्याचीही होती. पलीकडे कोणाचे तरी बोट चुकून त्या बटणावर पडले असावे. आधी एक हॉर्न ऐकू आला, मग एक अनोळखी आवाज.

"हात आडवा हाये तिचा. मोठं करून पाह्य ना."

आणि मग दुसरा, "करूनच राहिलो ना सेठ. तिनं हात काढला का दिसन."

दुसरा आवाज कुंदनचा होता.

कीर्ती ओरडली नाही. तिच्या हातातला ब्रश तसाच राहिला आणि त्याचा लाल थेंब कागदावर पडला. मान वर न करता तिने कागद सावकाश दुमडला आणि पाणी प्यायला उठावे तशी उठून आत गेली.

संध्याकाळी भूषण आला. तो खोलीत बसू लागताच ती म्हणाली, "इथं नोको. आंगनात चला." खिडकी उघडी होती, त्यामुळे मला ऐकू आले.

"कुंदन?" भूषण म्हणाला. "माह्या वर्गातला हाये तो. तुले भास झाला असन."

"काकाच्या वेळी तुमाले भास झाला असं मी म्हटलं काय?"

भूषण अंगणात येरझाऱ्या घालू लागला. शेवटी कीर्तीच बोलली. "मले खोटं ठरवायचं हाये ना, मंग ठरवून पाहा. मी सांगीन तसं त्या खोलीत बोला."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे मागाच्या खोलीत आले. कीर्ती मेजाशी बसली आणि कॅमेरा जागा झाला. तसा भूषण दोरीवरचे सूत चाचपत मोठ्याने म्हणाला, "एकोडीच्या धनीरामकडं जंगलातले कोसे आले म्हनते. लय चांगले हायेत. मी परवा जातो, अजून कोनाले माहीत नाही."

"कोनाले सांगू नोका," कीर्ती म्हणाली.

एकोडीचा धनीराम तलावात मासे धरी. कधी कधी जंगलातून कोसे, म्हणजे रेशमाचे कोश, आणूनही विके, म्हणून त्याची या घराशी ओळख. त्या दिवसांत त्याच्याकडे एकही कोसा नव्हता. भूषणने त्याला याविषयी काही कळवलेले नव्हते, आणि घरात तर ही गोष्ट ऐकायला भिंतीवरच्या कॅमेऱ्याशिवाय आणि माझ्याशिवाय कोणीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूषणचा फोन वाजला. धनीराम बोलत होता. भूषणने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"भूषणभाऊ, तुमच्याकडं काही बोलनं झालं काय जी? पवनीचा बाबूलालसेठ गाडी घेऊन आलता. संगं तुमच्या गावचा मोबाइलवाला होता. म्हने, भूषणच्या आधी कोसे मले दे. मी म्हटलं, कायचे कोसे, मी तं मासोया धरून राहिलो. तं तो त्या पोरावरच चिडला."

भूषणने फोन खाली ठेवला. तो गोमाजींच्या रिकाम्या खड्ड्याच्या कडेला बसला. कीर्तीने त्याच्याजवळ पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

दुपारी कुंदनला बोलावून घेतले. तो आधी हसला, मग म्हणाला, "मी कोनाचं घर फोडलं काय? शब्द तू बदलला नाही, भाऊ. आनि सेठनं फक्त पाह्यलं. पाह्यल्यानं काय जाते?"

"माह्या घरचं मानूस गेलं," भूषण म्हणाला.

कॅमेरा त्याने स्वतः उतरवला. माझा शब्द कीर्तीने बदलला आणि कुंदनच्या फोनला मी दाराबाहेर काढले. खरे सांगतो, मला फार बरे वाटले. भूषण पोलीस ठाण्यातही जाऊन आला. बाबूलालने सारसाच्या साड्या दुकानातून काढून टाकल्या, एवढे मात्र झाले.

पण गोमाजींचे काय?

भूषण त्यांच्या घरी गेला. पहिल्यांदा त्यांच्या बायकोने, बेबीबाईंनी, त्याला ओट्यावरूनच परत पाठवले. दुसऱ्यांदा तो कीर्तीला घेऊन गेला, आणि त्याच दिवशी गोमाजी त्यांच्यासोबत मागाच्या खोलीत आले. ते दारातच उभे राहिले. कॅमेऱ्याच्या जागी भिंतीला दोन भोके उरली होती, तिकडे ते बघत होते.

"चुकलो, काका," भूषण म्हणाला. "कॅमेरा काढून टाकला."

"काढला कायले? त्याच्यात मी दिवसभर दिसत होतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, काय करतो, काय नाही. तुह्या फोनवर होतं ना सगळं?"

भूषणने होकाराची मान हलवली.

"एक दिवस पुरा पायला असता मले," गोमाजी म्हणाले, "तं मले घरी पाठवलं नसतं."

गोमाजी खड्ड्यात उतरले. मोहाच्या फुलांची साडी मागावर अपुरीच राहिली होती, तिच्यावरची धूळ त्यांनी पंच्याने झटकली. "हे लुगडं पुरं करतो," ते म्हणाले, "आनि मंग माह्याच घरी माग टाकतो. सूनबाईनं काम देलं तं करीन."

तसेच झाले. साडी पुरी झाली आणि ते गेले. भूषणने त्यांना पुष्कळ विनवले, पण ते पुन्हा त्या खोलीत विणायला बसले नाहीत.

मीही म्हातारा झालो होतो. कोशाच्या सुताचे बारीक तंतू माझ्या जाळीत साचले, एक कान मोडला, आणि कोणी बोलत असताना मी मध्येच दम टाकू लागलो. भूषणने चार कानांचा नवा राउटर आणला आणि मला फळीच्या मागे टाकले. तेथे पाली माझ्यावर बसत. इतकी वर्षे दारावर बसलेल्या माझ्याकडे कोणी वळूनही बघत नव्हते, याचे मला वाईट वाटे.

एके दिवशी कीर्तीने मला तेथून काढले, पुसले, मोडका कान बांधला आणि गोमाजींच्या घरी नेले. त्यांच्या घरी इंटरनेटची तार ओढून झाली होती. गिऱ्हाइकांना आता विणणाऱ्या माणसाशीच बोलायचे होते, आणि कीर्तीने तशी सोय करायचे ठरवले होते. भूषण सुताचे गठ्ठे घेऊन सोबत आला होता, पण तो बाहेर ओट्यावरच बसला.

"काका, याले शब्द द्या लागते," कीर्ती म्हणाली. "तुमचा शब्द. मले पन सांगू नोका."

गोमाजी विचारात पडले. "मले ते इंग्रजी अक्षरं नाही येत. लिहू कसा?"

कीर्ती फोन हातात घेऊन थांबली. त्यांनी दाराकडे बघितले, मग जरासे वाकून तिच्या कानात शब्द सांगितला. तिने तो लिहिला, त्यांना दाखवला आणि पडदा बंद केला. बेबीबाई तिच्यासाठी चहा घेऊन आल्या. एक कप त्यांनी बाहेरही दिला.

तेव्हापासून मी येथेच आहे. नाशिकच्या त्या बाई आता गोमाजींशी बोलतात, आणि ते त्यांना धागा कसा बसतो ते समजावून सांगतात.

मित्रांनो, माझ्यासारखा कोणी तुमच्या घरी असेल तर त्याच्या चिठ्ठीवरचा शब्द आजच बदला. भिंतीवर डोळा बसवलात तर त्यातून कोण कोण बघते ते विचारा, आणि बसवणारा ओळखीचा असला तरी विचारा. आमच्यावरची धूळ अधूनमधून पुसा, आम्हाला तेवढे पुरते. आणि घरातल्या कोणावर मन फिरले, तर त्या माणसाजवळ बसून त्याला एक दिवस पुरा बघा. ते आमच्यावर सोपवू नका.

दर पंधरवड्याला भूषण सूत द्यायला येतो. त्याच्या खिशातला फोन मला ओळखतो. ओट्यावर पाऊल पडताच तो माझ्या दाराशी येतो आणि जुना शब्द सांगतो. मी त्याला परत पाठवतो, मला तसेच शिकवले आहे. भूषण फोनकडे बघतो, आत गोमाजींच्या धोट्याचा आवाज ऐकतो आणि फोन पुन्हा खिशात ठेवतो. नवा शब्द त्याने अजून विचारलेला नाही. तो त्याने एकदा विचारावा, असे मला फार वाटते.